बस जिथे शिरत नाही ती पेठ

पहिल्यांदाच कॅरिबियनच्या क्रूझवर निघालेल्या मराठी कुटुंबाच्या हाती बोटीत पाऊल ठेवण्याआधीच एक यादी पडते. नासाऊ, सेंट थॉमस, ब्रिजटाउन अशी बंदरं लागणार, प्रत्येक ठिकाणी बोट सात-आठ तास थांबणार, तेवढ्या वेळात किनाऱ्यावर उतरून काय पाहायचं ते आताच निवडा आणि पैसे भरा. यादीत पांढऱ्या वाळूचा किनारा असतो, तळाला काच बसवलेली होडी असते, बसने बेटाचा फेरफटका असतो. घरातली मंडळी दोन-तीन संध्याकाळी चर्चा करून त्यातलं काही पसंत करतात आणि निवड आपण केली असं धरून चालतात. पण मुख्य निवड त्याआधीच उरकलेली असते. यादीत काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे ज्याने ठरवलं, त्याने ती केलेली असते. ब्रिजटाउनचा जुना भाग आणि तिथली लष्करी छावणी २०११ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. गुलामांना उसाच्या मळ्यांत राबवून जी साखर निघाली, तिच्यावर उभं राहिलेलं हे बंदर आहे. त्रिनिदादला १८४५ च्या मे महिन्यात 'फातेल रझाक' हे जहाज हिंदुस्थानातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, घेऊन लागलं. आपल्याच देशातून गेलेल्या माणसांचा हा इतिहास वाळूच्या किनाऱ्यापुढे मागे का पडतो, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पुण्याच्या बुधवार पेठेत ते उत्तर सापडतं. पुण्यालाही बाहेरून येणाऱ्या माणसासाठी अशीच एक यादी इंग्रजी अमदानीत तयार झाली. ती कशी तयार झाली हे नीट पाहिलं तर दिसतं की काय पाहण्याजोगं आहे हे बऱ्याच अंशी चाकांनी ठरवलं. गाडी जिथवर गेली तिथवर प्रेक्षणीय स्थळं, आणि गाडी थांबली की पुढची सगळी नुसती वस्ती.

बंदरात उतरून ठरावीक तासांत गाव पाहण्याचा धंदा तसा जुना आहे. १८९१ च्या जानेवारीत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जर्मन जहाज केवळ सहलीसाठी म्हणून भूमध्य समुद्रात निघालं, आणि क्रूझचा इतिहास सांगणारे बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. हिंदुस्थानात त्याची तयारी त्याही आधी झाली होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायत मुंबईच्या जवळ आली. थॉमस कुक कंपनीने १८८१ साली मुंबईत कचेरी उघडली. आगबोटीतून उतरलेल्या पाहुण्याला अपोलो बंदरावरून होडीने घारापुरीला नेणं, ही तर किनाऱ्यावरच्या सहलीची अगदी नमुनेदार गोष्ट. आजही ती तशीच चालते. पुण्याची पाळी रेल्वेमुळे आली. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीच झाला होता. १८६३ मध्ये बोरघाट रेल्वेने चढून पार करता येऊ लागला आणि मुंबईचा पाहुणा डबा न बदलता पुण्यात उतरू लागला. पुढे १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा हा प्रवास पावणेतीन तासांवर आला. म्हणजे पुणं हे समुद्रापासून दूर असूनही एका अर्थाने मुंबई बंदराचंच किनाऱ्यावरचं गाव झालं. पाहुणा गाडीतून उतरणार, कॅम्पात मुक्काम करणार, टांगा ठरवणार आणि दिवसभरात 'पूना' उरकून परतणार.

त्या पाहुण्याच्या हाती बहुधा मरे कंपनीचं प्रवासी हस्तपुस्तक असे. लाल पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकात पुण्याची जी स्थळं ठळक दिली आहेत ती मनातल्या मनात नकाशावर मांडून पाहावीत: बंडगार्डन, येरवड्याच्या बाजूचं डेक्कन कॉलेज, गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, १८१७ ची लढाई झाली ते खडकी, आणि दुसऱ्या टोकाला पर्वती. ही सगळी ठिकाणं पेठांच्या बाहेर आहेत. सगळ्यांना कॅम्पातून टांगा किंवा बग्गी जाईल असा रुंद रस्ता आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या लागत, पण पायथ्यापर्यंत गाडी जाई. गावात शिरायचं ते जेमतेम शनिवारवाड्याच्या तटापर्यंत, आणि तिथे पाहुण्याला गोष्ट सांगायची ती विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिल्याची. पेठांना वारांची नावं आहेत एवढी गंमत ऐकायची आणि परत फिरायचं. बुधवार पेठ त्या तटापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी तिच्यात शिरून काही पाहावं असं त्या यादीला वाटलं नाही. पेठेत पाहण्यासारखं काही नव्हतं म्हणून हे झालं असं म्हणता येत नाही. आत काय होतं ते पुढे येईलच. बोळ अरुंद होते, टांगा वळत नव्हता, आणि साहेबाने गर्दीतून पायी जावं ही त्या काळची रीत नव्हती. पुढे साहेब गेला, पण यादीची वळणं राहिली. महापालिकेची पुणे दर्शन बस आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी सुरू केली. तिने आगाखान पॅलेस, शिंद्यांची छत्री, कात्रजचं उद्यान अशी भर घातली आणि ती योग्यच होती. पण बस ही टांग्याहून मोठी असते. टांगा जिथे शिरला नाही तिथे बस कुठून शिरणार?

याच्या आधी दुसरी एक यादी होती, आणि ती पायांनी केलेली होती. पुण्यात नव्याने आलेल्या माणसाने आधी ग्रामदैवताला जायचं, म्हणजे कसब्याचा गणपती आणि तांबडी जोगेश्वरी. घरात लग्न निघालं की पहिली अक्षत या दोघांना, मग बाकीच्यांना. जोगेश्वरी बुधवार पेठेत आहे. पेठ वसण्याआधीपासून तिचं ठाणं तिथे मानतात. पेशवाईत श्रावणातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे विद्वान ब्राह्मण पुण्यात येत आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा घेत. वारीत आजही ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. माउलींची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबांची नाना पेठेत. त्या मुक्कामात वारकरी गाव पाहतात ते चालत, देवळादेवळांतून, बाजारातून. ना. वि. जोशी यांनी १८६८ साली 'पुणे शहराचें वर्णन' प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पेठांचं, माणसांच्या येण्याजाण्याचं हेच पुणं होतं. म्हणजे एकाच काळात एकाच गावाचं वर्णन दोन तऱ्हांनी होत होतं. एकात पेठा हे गाव होतं आणि भोवतालचं माळरान ही त्याची कड. दुसऱ्यात भोवतालच्या बागा-बंगले हे गाव, आणि पेठा ही मधली गर्दी. दुसरी तऱ्हा टिकली. ती जास्त खरी होती म्हणून टिकली असं मला वाटत नाही. पर्यटनाला ती सोयीची होती.

आता पेठेत काय आहे ते पाहू. मोगली अमलात वसवलेल्या मोहियाबादची पेशव्यांच्या काळात बुधवार पेठ झाली. तिच्या एका टोकाला शनिवारवाडा, दुसऱ्या टोकाला मंडई. मधलं अंतर एक किलोमीटरही भरत नाही. या एवढ्या पट्ट्यात नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं रामाचं देऊळ आहे, नाना फडणिसांचं बेलबागेतलं विष्णूचं देऊळ आहे, आणि पासोड्यांच्या बाजारावरून नाव पडलेला पासोड्या विठोबा आहे. पेशव्यांचे तंबू, सतरंज्या, बिछायती ठेवण्याचा फरासखाना इथेच होता. आज त्या नावाने लोक पोलीस चौकी ओळखतात. पुस्तकांसाठी ज्या चौकात अख्खा महाराष्ट्र येतो त्याला आप्पा बळवंत मेहेंदळ्यांचं नाव आहे, आणि त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले. पेठेच्या मध्यावर दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा होता. इंग्रजी आली तेव्हा तिथे सरकारी कचेऱ्या बसल्या, आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली सुरू झालेलं ग्रंथालय, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्याच वाड्यात होतं. १८७९ च्या मे महिन्यात, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना, बुधवारवाडा आणि पेठेच्या पश्चिमेच्या कडेला असलेला विश्रामबागवाडा एकाच रात्री पेटले. विश्रामबागवाड्याचा बराच भाग वाचला. बुधवारवाडा गेला तो गेलाच.

ग्रंथालय निघालं त्याच वर्षी, त्याच पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले तेव्हा त्यांची व्याख्यानंही बुधवारातल्या भिड्यांच्या वाड्यात झाली. १८९२ साली भाऊसाहेब रंगारी यांनी आपल्या इथे सार्वजनिक गणपती बसवला तोही बुधवार पेठेतच; मानाच्या पाच गणपतींपैकी दुसरा जोगेश्वरीचा आणि चौथा तुळशीबागेचा, हे दोन्ही याच पेठेतले. मुलींनी शिकावं की नाही, धर्मात सुधारणा असावी की नाही, पुस्तकं सगळ्यांना वाचता यावीत की नाही, देव घरात ठेवावा की रस्त्यावर आणावा, एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे हे सगळे वाद पायी दहा-पंधरा मिनिटांच्या परिसरात प्रत्यक्ष घडले. गणेशखिंडीच्या बंगल्यात महाराष्ट्रावर राज्य कसं केलं गेलं ते कळेल. महाराष्ट्र आतून कसा बदलला ते कळायला बुधवारात यावं लागतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दगडूशेठ हलवाई गणपती बुधवार पेठेतच आहे, आणि तो नाही अशी पुण्याची एकही यादी सापडणार नाही. मग पेठ वगळली असं कसं म्हणता? पण हे देऊळ कुठे आहे ते पाहा. शिवाजी रस्त्यावर, जिथे बस थांबू शकते. शनिवारवाड्यापुढे मोठं पटांगण आहे, विश्रामबागवाडा बाजीराव रस्त्याला लागून आहे. यादीने पेठेतून जे उचललं ते रुंद रस्त्यांच्या तोंडाशी असलेलंच. बेलबाग, पासोड्या विठोबा, जोगेश्वरी यांच्यासाठी गाडीतून उतरून आत वळावं लागतं, म्हणून ती मागे राहिली. तरी चाकांचा हा हिशेब एका ठिकाणी फसतो, आणि ते मान्य केलं पाहिजे. भिडे वाडा दगडूशेठच्या देवळाच्या अगदी समोर, त्याच रस्त्यावर होता. बस तिथे रोज थांबत होती. देवदर्शनाच्या रांगेतून लाखो माणसं त्या वाड्यासमोर उभी राहिली आणि त्यांना तो कुणी दाखवला नाही. म्हणजे चाळणी एक नाही, दोन आहेत. रस्त्याच्या चाळणीतून जे सुटतं ते पुढे दर्शनी भागाच्या चाळणीत अडकतं. पाहुण्याला तयार, देखणी, छायाचित्रात मावणारी वस्तू दाखवायची असते. तट, शिखर, पुतळा दाखवता येतो. माडीवरच्या खोलीत बसून काही मुली पाटीवर अक्षरं गिरवत होत्या, हे दाखवता येत नाही. ते सांगावं लागतं, आणि सांगायला माणूस लागतो. भिडे वाडा जुना होत गेला, मालक-भाडेकरूंचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं रखडला, आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून तो पाडण्यात आला. वाडा यादीत नव्हता म्हणून पडला असं मी म्हणणार नाही. कारणं कायद्याची आणि मालकीची होती. पण रोज हजारो माणसं जे पाहायला येतात ते इतकी वर्षं दुर्लक्षित राहत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप पुण्यातलीच माणसं घेतात. पेठेत आता राहिलंय काय? वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, बोळांतून दुचाक्यांची रांग लागलेली. कशासाठी घेऊन जायचं पाहुण्याला? याला उत्तर म्हणून मी तुळशीबागेकडे बोट दाखवेन. मंडईच्या बाजूने आत शिरलं की आधी दुकानंच लागतात: केसांच्या पिना, बांगड्या, रांगोळीच्या चाळण्या, देवघराची पितळी उपकरणी, आणि पोरींच्या भातुकलीची चिमुकली भांडी, ज्यांत बंब आहे, खलबत्ता आहे, बोटभर उंचीचं जातं आहे. त्या दुकानांच्या मधून देवळाच्या आवारात पाऊल टाकलं की गलका एकदम मागे राहतो. दारावर नगारखाना, आत फरसबंदी चौक, लाकडी खांबांचा सभामंडप, आणि मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय न दिसणारं शिखर. १७६१ च्या सुमारास, म्हणजे पानिपतच्या वर्षात हे काम सुरू झालं. बाजार देवळाला चिकटला आहे की देऊळ बाजारात आहे, हे ठरवता येत नाही आणि ठरवायचं कारणही नाही. पेठ म्हणजेच बाजार आणि वस्ती आणि देव एकाच जागी. ज्या दुकानदाराचं भाडं देवस्थानाच्या कामी येतं आणि ज्या बाईने आधी रामाला हात जोडून मग मुलीसाठी भातुकली घेतली, त्या दोघांनी ही जागा जिवंत ठेवली आहे. शनिवारवाड्यात आज तट आहे, जोती आहेत, कारंज्याचे हौद आहेत, पण राहतं कुणी नाही. तो पाहावाच. मात्र पेशव्यांच्या काळातली एखादी रीत आजही चालू असलेली पाहायची असेल तर ती वाड्यात मिळणार नाही, तुळशीबागेत मिळेल.

तिसरी अडचण बोलायला अवघड आहे, म्हणून बहुतेक लेखक ती टाळतात. बुधवार पेठ म्हटलं की पुण्याबाहेरच्या माणसाच्या मनात आधी येते ती वेश्यावस्ती, आणि पुण्यातला माणूस पाहुण्यापुढे पेठेचं नाव काढताना आवाज खाली करतो. पेशवाईतल्या बावनखणीपासून इथे नाचगाण्यावर आणि देहावर जगणाऱ्या बायकांची वस्ती आहे. पेशव्यांची देवळं आणि ही वस्ती एकाच पैशाने, एकाच दरबाराच्या आधाराने वाढली. इतिहास सांगताना हे लपवणं खोटेपणाचं होईल. पण सांगणं वेगळं आणि दाखवायला नेणं वेगळं. ज्या गल्लीत बायका आपलं कठीण आयुष्य काढत आहेत ती गल्ली पाहुण्यासाठी देखावा होऊ शकत नाही, मग नेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. कॅरिबियनच्या बंदरांतही गरीब वस्त्यांमधून 'खरं बेट' दाखवणाऱ्या फेऱ्या निघतात. त्यांनाही माझा हाच विरोध आहे. मात्र काही गल्ल्यांमुळे पूर्ण पेठेचं नाव कुजबुजीत ढकलणं हाही त्या बायकांवर आणि पेठेवर दोघांवर अन्यायच. ज्या पेठेत मुलींची शाळा निघाली त्याच पेठेत मुली विकल्याही गेल्या, ही दोन वाक्यं एकत्र म्हणण्याची हिंमत पुण्याचा इतिहास सांगणाऱ्याने ठेवली पाहिजे. सावित्रीबाईंचं काम किती मोठं होतं ते त्याशिवाय कळत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. आठ तासांत परक्या बंदरात स्वतःचं डोकं चालवून फिरायचं, आणि बोट निघून गेली तर? ही भीती खोटी नाही. बोटीकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर बोट सहसा थांबते, स्वतःच्या हिमतीवर गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. त्यामुळे दूरच्या, एकाच रस्त्याने जाता येईल अशा ठिकाणासाठी बोटीचीच बस घ्यावी, यात शंका नाही. घारापुरीला कुणी पोहत जात नाही. पण धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जे गाव असतं त्याला बस लागत नाही, आणि बस लागत नाही म्हणूनच ते यादीत विकायला ठेवता येत नाही. पहिल्या क्रूझला निघालेल्या माणसाने यादी वाचताना एवढं ध्यानात ठेवावं की जे पायी फुकट पाहता येतं ते तिच्यात येण्याचं कारणच नाही. मग सगळी बंदरं वाळूच्या किनाऱ्यांवर घालवण्याऐवजी निदान एक बंदर गावासाठी राखावं. ब्रिजटाउनसारखं ठिकाण त्यासाठी उत्तम. आधी घरी बसून त्या गावाचा थोडा इतिहास वाचावा, कारण दर्शनी भाग नसलेली गोष्ट डोळ्यांना आपोआप दिसत नाही.

हाच हिशेब आपल्या गावाला लावून पाहावा. पुण्यात पाहुणे येतात, त्यांच्या हाताशी अर्धा दिवस असतो, आणि आपण त्यांना गाडीत बसवून सिंहगडापासून आगाखान पॅलेसपर्यंत पळवतो. पुढच्या वेळी गाडी शनिवारवाड्यापाशी ठेवा. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळा, जोगेश्वरीला नमस्कार करा, बेलबागेत दोन मिनिटं टेका, तुळशीबागेतून मंडईला निघा. वाटेत दगडूशेठच्या दर्शनाला उभे राहाल तेव्हा रस्त्याच्या पलीकडची ती जागा पाहुण्यांना दाखवा आणि सांगा, की १८४८ साली इथे मुलींची शाळा भरत होती.